एक बेट अड्यारचं, एक उत्तर ध्रुवाजवळचं

मोबाइलवर नकाशा उघडा आणि चेन्नईत अड्यार नदी समुद्राला मिळते ती जागा शोधा. नदीच्या उत्तर काठावर, सांथोमच्या खाली, एक नाव भेटेल : क्विबल आयलंड. नावातच बेट आहे. आता नकाशा मोठा करून चारही बाजूंना पाणी आहे का ते बघा. रस्ते दिसतील, उंच इमारती दिसतील, एक जुनी ख्रिस्ती दफनभूमी दिसेल. तिथून रोज रिक्षाने जाणाऱ्या माणसाला आपण बेटावर आलोय याचा पत्ताही लागत नाही.

आता तोच नकाशा वर सरकवत न्या. हिमालय ओलांडा, रशिया ओलांडा, थोडं डावीकडे वळा. नॉर्वेच्याही वर, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातल्या कोंग्सफ्योर्ड नावाच्या खाडीत ब्लोमस्ट्रांडहाल्व्होया नावाचा एक भूभाग आहे. नाव लांबलचक असलं तरी अर्थ सोपा आहे. नॉर्वेच्या भाषेत 'हाल्व्होया' म्हणजे अर्धं बेट. आपण ज्याला द्वीपकल्प म्हणतो तेच. पण नकाशा मोठा करून बघा, त्याच्या चारही बाजूंना पाणी आहे!

एका जागेचं नाव बेट, पण ती बेट वाटत नाही. दुसरीचं नाव द्वीपकल्प, पण ती बेट झालीय. मी नोकरीच्या निमित्ताने अड्यारला राहते. यातली पहिली जागा माझ्या रोजच्या वाटेवरची आहे आणि दुसरी मी फक्त नकाशांत, फोटोंत आणि पुस्तकांत पाहिली आहे. तरी या दोघींची गोष्ट एकत्रच सांगायला हवी, असं मला वाटतं.

नदीच्या नावातच नदी

आधी अड्यारकडे बघू. तमिळमध्ये 'आरु' म्हणजे नदी. तमिळ माणूस 'अडैयारु' म्हणतो, त्याचं इंग्रजांच्या तोंडी अड्यार झालं. म्हणजे आपण 'अड्यार नदी' म्हणतो तेव्हा नदी दोनदा म्हणतो. चेन्नईच्या पश्चिमेकडच्या तलावांचं पाणी घेऊन ही नदी शहरातून वाहते आणि बेसंट नगरच्या अलीकडे बंगालच्या उपसागराला मिळते. मुखाशी वाळूचा बांध साचतो, भरतीचं खारं पाणी आत येतं, मधे मधे लहान बेटं तयार होतात.

चेट्टिनाड पॅलेसजवळून या पाण्याचा एक फाटा उत्तरेकडे जायचा आणि जमिनीच्या एका तुकड्याला वळसा घालून पुन्हा नदीला मिळायचा. तो तुकडा म्हणजे क्विबल आयलंड. इंग्रजीत 'क्विबल' म्हणजे किरकोळ कारणावरून घातलेला वाद, शब्दांचा कीस. पुढे शहर वाढलं. फोरशोअर इस्टेट, राजा अण्णामलैपुरम, एम.आर.सी. नगर अशा वस्त्या उभ्या राहिल्या. खाडीत राडारोडा पडत गेला, पाणी आक्रसत गेलं. बेट मात्र नावात तसंच राहिलं.

या भागातल्या नावांची आणखी एक गंमत आहे आणि तिचा धागा थेट मुंबईपर्यंत जातो. अड्यार नदीवर 1840 च्या सुमारास एक पूल बांधला गेला, एल्फिन्स्टन पूल. मद्रासचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांचं नाव त्याला दिलं. हेच गृहस्थ पुढे 1853 ते 1860 मुंबईचे गव्हर्नर होते आणि पश्चिम रेल्वेच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनला नाव मिळालं ते त्यांचंच. अड्यारच्या जुन्या पुलाची जागा 1973 मध्ये नव्या पुलाने घेतली आणि त्याला तमिळ विद्वान व कामगार नेते तिरु. वि. कल्याणसुंदरम यांचं नाव मिळालं : तिरु-वि-का पूल. मुंबईचं स्टेशन 2018 मध्ये प्रभादेवी झालं. एकाच माणसाचं नाव दोन शहरांच्या पाट्यांवर चढलं आणि दोन्हीकडून उतरलं.

माणसांची नावं अशी येतात आणि जातात. पाण्याची, मातीची, झाडांची नावं मात्र चिवट असतात.

पायधुनीला पाय कुठे धुवायचे?

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. सात बेटांची मुंबई आपण शाळेत शिकलो, पण ती बेटं आज कुणी वेगळी करून दाखवू शकेल का? वरळी आणि मुंबई यांच्यामधलं पाणी अठराव्या शतकात बांध घालून अडवलं गेलं. बाकीच्या खाड्या हळूहळू बुजवल्या. पायधुनीला पाय धुवायला पाणी नाही, उमरखाडीला खाडी नाही. पण ही दोन नावं उच्चारली की कळतं, इथे कधीतरी पाणी होतं.

गोव्यात आणि कोकणात तर खाडीतल्या लहान बेटासाठी खास शब्दच आहे. कोकणीत जुंवो, कोकणातल्या मराठीत जुवे. मांडवीच्या पाण्यात वसलेलं गोव्यातलं जुवें गाव हे नाव आजही मिरवतं. अशा गावातल्या मुलाला बेट म्हणजे काय हे भूगोलाच्या पुस्तकातून शिकावं लागत नाही, गावाचं नाव घेतलं की पुरे.

थोडक्यात, नाव ही जागेची सगळ्यात जुनी नोंदवही आहे. तिच्यातली नोंद आणि जागा जुळेनाशी झाली, की मधल्या काळात काहीतरी घडलंय असं समजायचं. अड्यारला काय घडलं ते आपण पाहिलं. आता ध्रुवाजवळ काय घडलं ते बघू.

हरणाची खाडी, राजाची खाडी

स्वालबार्ड म्हणजे थंड किनारा. त्यातल्या सगळ्यात मोठ्या बेटाचं नाव स्पिट्सबर्गन, म्हणजे टोकदार डोंगर. 1596 मध्ये डच दर्यावर्दी विलेम बारेंट्स तिथे पोहोचला आणि समोर जे दिसलं तेच त्याने नाव म्हणून लिहिलं. इथे मूळचे रहिवासी कुणीच नव्हते. त्यामुळे अड्यारसारखं पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळलेलं नाव या बेटांवर सापडत नाही. इथलं प्रत्येक नाव जहाजातून उतरलेल्या कुणीतरी ठेवलेलं आहे.

1610 मध्ये जोनास पूल नावाचा इंग्रज कप्तान या किनाऱ्याने फिरत होता. त्याच्या माणसांना एके ठिकाणी रेनडिअरचं शिंग सापडलं, त्या खाडीचं नाव त्याने 'हॉर्न साउंड' ठेवलं. दुसऱ्या खाडीला हरणांवरून 'डिअर साउंड' म्हटलं. तिथे त्याला कोळसाही दिसला. म्हणजे नाव ठेवण्याची पद्धत आपल्या खेड्यांसारखीच होती. जिथे वड असेल ते वडगाव, जिथे पिंपळ असेल ते पिंपळगाव आणि जिथे हरीण दिसलं ती हरणाची खाडी.

पूलची ही हरणाची खाडी म्हणजेच आजचं कोंग्सफ्योर्ड, राजाची खाडी. लांबी सुमारे 26 किलोमीटर. तिच्या टोकाला हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. मागे तीन टोकदार शिखरं उभी आहेत. त्यांना मिळून तीन मुकुट म्हणतात आणि त्यांची नावं आहेत स्वेआ, नोरा आणि दाना, म्हणजे स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क. आपल्याकडे डोंगरांना बहिणी-बहिणी म्हणतात, तिथे देशांना एका रांगेत बसवलंय.

पूलने पाहिलेल्या कोळशासाठी तीनशे वर्षांनंतर खाण सुरू झाली आणि खाडीकाठी नी-ओलेसुंड हे गाव वसलं. नॉर्वेतल्या ओलेसुंड या शहरावरून हे नाव आलं, 'नी' म्हणजे नवं. नवी मुंबई, नवी दिल्ली, तसंच नवं ओलेसुंड. 1926 मध्ये रोआल्ड आमुंडसेन आणि त्याचे सहकारी 'नॉर्गे' या हवाई जहाजातून इथूनच उत्तर ध्रुवाकडे गेले. ते जहाज बांधायचा लोखंडी मनोरा आजही गावाबाहेर उभा आहे. 1962 मध्ये खाणीत स्फोट होऊन 21 कामगार दगावले, त्याचे पडसाद नॉर्वेच्या संसदेत उमटले आणि सरकार पडलं. खाण कायमची बंद झाली. आज तिथे फक्त वेगवेगळ्या देशांची संशोधन केंद्रं आहेत. हिवाळ्यात मोजकी तीस-चाळीस माणसं उरतात.

आणि हो, तिथे गेलात तर फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं! आकाशातल्या अतिदूरच्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणी तिथे आहेत, त्यांना आपल्या फोनचा गोंगाट चालत नाही. गावाबाहेर पडताना पांढऱ्या अस्वलाच्या भीतीने बंदूक बाळगावी लागते आणि गावात कुणी दाराला कुलूप लावत नाही, कारण अस्वल मागे लागलं तर समोरचं कुठलंही दार उघडता आलं पाहिजे.

बर्फातलं लंडन

नी-ओलेसुंडच्या समोर, खाडीच्या पलीकडच्या बाजूला, ते अर्धं बेट. 1861 च्या स्वीडिश मोहिमेत आलेल्या ब्लोमस्ट्रांड या शास्त्रज्ञाचं नाव त्याला मिळालं. त्याच्या दक्षिण काठावर होड्या लावायला एक लहानसं नैसर्गिक बंदर आहे. 1911 मध्ये अर्नेस्ट मॅन्सफिल्ड या इंग्रजाला तिथे संगमरवर दिसला. त्याने यंत्रं आणली, रूळ टाकले, घरं बांधली. वस्तीचं नाव पडलं नी-लंडन, नवं लंडन.

संगमरवर तर उत्तम दिसत होता. पण हजारो वर्षं बर्फाने आतून चिरफाळलेला तो दगड. थंडीत घट्ट उभा असायचा, उबदार हवेत गेला की भुगा व्हायचा. धंदा बसला. घरं पुढे खाडीपलीकडे नी-ओलेसुंडला नेली, तिथे त्यांना अजून 'लंडन' म्हणूनच ओळखतात. गंजलेली यंत्रं मात्र अजून जागेवर आहेत, कारण स्वालबार्डच्या कायद्याने 1946 च्या आधीची माणसांनी मागे ठेवलेली प्रत्येक वस्तू वारसा म्हणून जपली जाते. पर्यटकांची जहाजं आज त्या बंदराशी थांबतात, लोक उतरून ते मोडकं लंडन बघतात आणि परत जातात.

जे घडवायला माणसं आली ते घडलं नाही. जे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं ते घडलं.

अर्ध्याचं पूर्ण झालं

हा भूभाग मुख्य जमिनीला जोडलेला होता तो एका हिमनदीने. दगडमातीने नाही, बर्फाने. ज्यांनी नकाशे काढले त्यांना तो बर्फ डोंगराइतकाच कायमचा वाटला. म्हणून त्यांनी बिनदिक्कत लिहिलं : अर्धं बेट. हिमनदी मागे हटत गेली, वर्षामागून वर्ष. 1990 च्या दशकात तिने या जमिनीचा हात सोडला आणि मधल्या जागेत समुद्र आला. होड्या पलीकडून फिरून येऊ लागल्या.

आपल्या मराठीतला 'द्वीपकल्प' हा शब्द इथे नीट ऐकावा असा आहे. संस्कृतात 'कल्प' हा प्रत्यय 'जवळजवळ तसं' या अर्थाने लागतो. द्वीपकल्प म्हणजे जवळजवळ बेट, फक्त थोडं राहिलेलं. ते राहिलेलं थोडंसं आपल्याच आयुष्यात, आपल्या आई-बाबांच्या तरुणपणी, वितळून गेलं. नकाशावरचं नाव मात्र बदललं नाही. आजही ते अर्धं बेटच म्हणवतं.

मला विचाराल तर ते नाव बदलूच नये. नवं, बरोबर नाव दिलं तर पुढच्या पिढीला ते कायमचं बेटच वाटेल. चुकलेलं नाव प्रत्येक येणाऱ्याला प्रश्न विचारायला लावतं : अर्धं का? उरलेलं अर्धं कुठे गेलं?

चेन्नईचं यंत्र, राजाच्या खाडीत

या दूरच्या खाडीचा आपल्याशी काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, आणि तोही चेन्नईचा. 1920 मध्ये स्वालबार्डबद्दल जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारतही सामील होता. नी-ओलेसुंडला 2008 पासून भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे. ते चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था गोव्यात, वास्कोला आहे. आणि 2014 च्या जुलैमध्ये कोंग्सफ्योर्डच्या पाण्यात भारताने 'इंडआर्क' नावाची वेधशाळा सोडली. ती तयार करण्यात चेन्नईतल्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचा मोठा वाटा होता. पळ्ळीकरणैला ही संस्था आहे, अड्यारहून फार लांब नाही.

ही वेधशाळा म्हणजे इमारत नव्हे. समुद्रतळाशी नांगरलेला लांब दोर, वर ओढून धरणारे तरंगते गोळे आणि दोरावर वेगवेगळ्या खोलीला बांधलेली यंत्रं. पाण्याचं तापमान, खारटपणा, प्रवाह यांची ती गुपचूप नोंद ठेवतात. वर अंधार असो, वादळ असो, ती मोजतच राहतात. ही खाडी निवडण्याचं कारण असं, की अटलांटिकचं कोमट पाणी आणि ध्रुवाकडचं थंड पाणी इथे एकमेकांत मिसळतं. गेल्या दीड-दोन दशकांत या खाडीत हिवाळ्यातही पूर्वीसारखा बर्फ धरत नाही. ध्रुवाकडच्या अशा बदलांचा आपल्या मोसमी पावसाशी काय धागा आहे, याचा अभ्यास आपले शास्त्रज्ञ करत आहेत. मृग कोरडा गेला की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्या सगळ्यांचा त्या दोराशी संबंध आहे.

आपण ठेवलेली नावं

नावं ठेवण्यात आपणही मागे नाही. भारताची पहिली मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहून निघाली आणि 9 जानेवारी 1982 रोजी दक्षिण ध्रुवाकडच्या अंटार्क्टिकावर उतरली. पुढे तिथे पहिलं केंद्र उभं राहिलं, त्याचं नाव 'दक्षिण गंगोत्री'. याच काळात, 1983 च्या मोहिमेतून, नागपूरला जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत अंटार्क्टिकावर गेल्या. त्या आणि त्यांच्या सहकारी सुदीप्ता सेनगुप्ता या तिथे पाय ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ.

दक्षिण गंगोत्री बर्फाच्या थरावर बांधलं होतं. काही वर्षांतच ते बर्फाखाली गाडलं जाऊ लागलं आणि 1990 च्या सुमारास ते सोडून द्यावं लागलं. तोवर खडकाळ जमिनीवर 'मैत्री' हे नवं केंद्र तयार झालं होतं, शेजारी 'प्रियदर्शिनी' नावाचं तळं. इमारत गेली, पण दक्षिण गंगोत्री हे नाव मैत्रीजवळच्या एका हिमनदीला मिळालं आणि टिकलं. गंगेचा उगम हिमनदीतून होतो, ही आपल्या मनातली गोष्ट पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

पाण्याला पत्ता पाठ असतो

आता पुन्हा अड्यारला येऊ. 2015 च्या डिसेंबरमध्ये चेन्नईत प्रचंड पाऊस झाला, चेंबरंबाक्कम तलावातून पाणी सोडलं गेलं आणि अड्यार पात्राबाहेर आली. सैदापेट, कोट्टूरपुरम, नदीकाठच्या कितीतरी वस्त्या पाण्याखाली गेल्या. मी तेव्हा इथे नव्हते, पण इथल्या कुणाशीही पावसाबद्दल बोला, बोलणं त्या रात्रीवर येतंच. पाणी कुठवर आलं होतं ते लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. मुंबईत 26 जुलै 2005 ला मिठी नदीने हेच केलं होतं. ज्या नदीला लोक नाला म्हणायला लागले होते, तिने आपलं नदीपण एका दिवसात सिद्ध केलं.

माणूस जागा विसरतो, पाणी विसरत नाही. मधे फक्त नाव असतं, आठवण करून द्यायला. क्विबल आयलंड, उमरखाडी, पायधुनी ही नावं म्हणजे एका परीने धोक्याच्या पाट्या आहेत. फरक एवढाच, की अड्यारला आपण भराव टाकून पाणी हटवलं आणि ध्रुवाजवळ आपल्या धुराने तापलेल्या हवेने बर्फ हटवला. एकीकडे बेट बुजलं, दुसरीकडे बेट उघडं पडलं. दोन्हीकडे हात माणसाचाच.

चांगली गोष्ट अशी, की थोडं पाणी परत आणताही येतं. अड्यारच्या खाडीतल्या 58 एकरांवर साचलेला राडारोडा काढून, तिवरं लावून, भरतीच्या पाण्याला वाट करून देऊन 2011 मध्ये एक उद्यान तयार झालं, तोल्काप्पिय पूंगा. तमिळचा प्राचीन व्याकरणकार तोल्काप्पियर याचं नाव त्याला आहे, 'पूंगा' म्हणजे उद्यान. चेन्नईला आलात तर आधी प्रवेशाची चौकशी करून सकाळच्या वेळी नक्की जा, मुलांना घेऊन जा. बगळे, खंड्या, चिखलात पळणारे खेकडे दिसतील. तिथून समुद्राकडे गेलात, तर बेसंट नगरच्या बाजूला अड्यारच्या मुखाशी एक अर्धाच उरलेला पूल दिसेल. कोळ्यांच्या सोयीसाठी बांधलेला हा पूल 1977 मध्ये कोसळला. लोक त्याला सरळ 'ब्रोकन ब्रिज' म्हणतात, मोडका पूल. बारेंट्सने टोकदार डोंगर लिहिलं, तसंच.

आणि कुठेही गेला नाहीत तरी एक करा. आज घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला तुमच्या गावाचं, आळीचं, ओढ्याचं नाव कसं पडलं ते विचारा. वडगावात वड आहे का, तळेगावात तळं कुठे होतं, विहिरीच्या चौकातली विहीर कुणी बुजवली. उत्तर मिळेल ते लिहून ठेवा. नाव आणि जागा यांच्यात फट पडलेली दिसली, तर तिथेच थांबून आणखी विचारा. आपल्या गावाचा खरा भूगोल बहुतेक वेळा त्या फटीतच सापडतो.